मिओच्या मराठीचा दाखला

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला लेखी समज एकदाच मिळाली, ती एका जपानी मुलीला मराठी शिकवल्याबद्दल. पत्र इंग्रजीत होतं. त्याचं मराठी साधारण असं होईल: ‘केंद्राच्या भाषाधोरणात न बसणाऱ्या भाषेचा विद्यार्थिनीवर अनधिकृत परिणाम.’ ते पत्र मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवलंय. निवृत्त होताना केंद्राने दिलेलं काचेचं स्मृतिचिन्ह मात्र अजमानचं घर आवरतानाच फुटलं.

मी विशेष शिक्षिका. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं केंद्र होतं. स्वमग्न मुलं, डाउन सिंड्रोमची मुलं, बोलू न शकणारी, बसू न शकणारी, आणि काही नुसतीच कुठल्या शाळेला नकोशी झालेली. तिकडे सरकारी कागदांत अपंग हा शब्द वापरत नाहीत, ‘निश्चयाची माणसं’ म्हणतात. सुरुवातीला मला हे जरा सजवलेलं वाटायचं. मग मिओ भेटली आणि त्या शब्दाबद्दलची माझी तक्रार संपली.

आमच्या धंद्याबद्दल लोकांचे दोन समज असतात. एक, आम्ही देवमाणसं आहोत. दोन, आम्ही मुलं सांभाळतो. खरं म्हणजे आम्ही मोजतो. प्रत्येक मुलाचा एक वैयक्तिक आराखडा असतो आणि त्यात असली वाक्यं असतात: ‘अमुक विद्यार्थी दहापैकी आठ वेळा, कुणी हात न धरता, चमचा तोंडाकडे नेईल.’ मग आम्ही क्लिपबोर्ड घेऊन चमचे मोजत बसतो. एक बांधकाम कंपनीतले गृहस्थ मला म्हणाले होते, “मॅडम, कम्प्लीशन डेट काय लिहू?” त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होता. मी म्हटलं, “इन्शाल्ला.” त्यांनी ते खरंच लिहून घेतलं.

मिओ आली ती सप्टेंबरात. अकरा वर्षांची, स्वमग्न, न बोलणारी, आणि चावणारी. वडील जपानी कंपनीत इंजिनिअर, तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेले, त्यातली दोन संपलेली. तिला घेऊन आलेल्या तानाबेबाई, म्हणजे तिच्या मातोश्री, यांनी पहिल्या दिवशी चाळीस पानांची फाइल माझ्या हातात दिली. मिओ काय खाते, कुठला आवाज सहन होत नाही, चावायच्या आधी तिचा डावा खांदा कसा वर जातो, सगळं इंग्रजीत आणि खाली पेन्सिलने काढलेली चित्रं. मग त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आमच्या प्रमुख मिस रीमांना केला, वॉचमनला केला, आणि बाहेर जाऊन आमच्या मिनीबसलाही केला. बसमध्ये ड्रायव्हर होता, त्यामुळे तो त्याला असावा. दाऊदभाईंनी मात्र तो नमस्कार बसलाच केलाय असं धरून स्टिअरिंगवर अभिमानाने हात फिरवला.

दाऊदभाई दापोलीकडचे. पंचवीसेक वर्षं आखातात काढलेली. आम्ही दोघंही अजमानला राहायचो, त्यामुळे सकाळी ते मला घ्यायचे आणि तीनशे अकरा नंबरच्या हायवेच्या ट्रॅफिकमधून आम्ही मराठी बोलत सिलिकॉन ओएसिस गाठायचो. मग ते मुलांना घेऊन यायचे. केंद्राने बसमध्ये रस्ता सांगणारं यंत्र बसवलं होतं. ते बंद करायची परवानगी नव्हती. दाऊदभाईंना तिथले सगळे रस्ते पाठ होते, आणि यंत्रातली बाई दर दोन मिनिटांनी त्यांना इंग्रजीत वळायला सांगायची. ते शांतपणे म्हणायचे, “गप रव गो बाय.” ती गप राहायची नाही. पंचवीस वर्षं बायकोपासून लांब राहिलेला माणूस रोज एका बाईशी भांडतो, यात मला काही वावगं वाटलं नाही.

मिओ दुसऱ्या दिवशी बसमध्ये आनंदाने चढली आणि केंद्राच्या दारात आल्यावर उतरायला तयार होईना. तिसऱ्या दिवशी तेच. दहाव्या दिवशीही तेच. ओढून काढायचं नाही हा आमचा नियम, आणि ओढायला गेलं तर डावा खांदा वर जायचा. आम्ही उतरण्याची चित्रं दाखवली. पायरीला पिवळी पट्टी लावली. केंद्राच्या दारात तिची आवडती निळी गादी ठेवली. ती खिडकीतून गादीकडे पाहायची आणि बसमध्येच बसून राहायची.

मग मला एक कल्पना सुचली. मी तानाबेबाईंना म्हटलं, “घरी खुर्च्यांची बस करा आणि उतरायचा सराव घ्या.”

त्या हलकेच वाकल्या. मग म्हणाल्या, “ते थोडं कठीण आहे.”

थोडंच कठीण आहे म्हणजे जमण्यासारखं आहे, असं मला वाटलं. मी खुर्च्या कशा मांडायच्या याचं चित्र काढून पाठवलं. त्यांनी लिहिलं, ‘धन्यवाद. थोडं कठीण आहे.’ मी आणखी सोपं चित्र पाठवलं. दोन आठवड्यांनी त्या केंद्रात आल्या, त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“बस केली,” त्या म्हणाल्या. “आता ती घरातल्या बसमधूनही उतरत नाही.”

“मग जेवण?”

“बसमध्ये. आम्ही सगळे बसमध्ये जेवतो. मिओचे वडील ऑफिसमधून आले की पुढच्या खुर्चीवर बसतात. ड्रायव्हर नसला तर तिला चालत नाही.”

जपानीत ‘थोडं कठीण आहे’ म्हणजे ‘नाही’, हे मला त्या दिवशी कळलं. मी माफी मागितली. आपणही नाही म्हणायचं असलं की ‘बघू या’ म्हणतो, आणि इथले लोक ‘इन्शाल्ला’ म्हणतात, हेही त्यांना सांगितलं. त्यांनी तिन्ही शब्द वहीत लिहून घेतले. त्यांच्याकडे कायम एक करड्या कव्हरची वही असायची, आणि तिच्यात पट्टी.

मिस रीमा लेबनीज. मोठ्या मनाच्या, पण मीटिंगला कंटाळलेल्या. खुर्च्यांची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, “खलास. मूल वर्गात येत नाही ना, मग वर्ग बसमध्ये न्या.” तसा कागद निघाला. रोज सकाळी बाकीची मुलं उतरली की बस इमारतीच्या सावलीत उभी राहणार, एसी चालू, आणि आतमध्ये मी, मिओ आणि दाऊदभाई. एसी चालू असताना ड्रायव्हरने जागा सोडायची नाही, म्हणून दाऊदभाई.

केंद्राचं धोरण होतं की मुलांशी फक्त इंग्रजीत बोलायचं. अनेक भाषांनी अशी मुलं गोंधळतात, असा तेव्हाच्या आमच्या कागदांत समज होता. आता तो बराच मागे पडलाय. मी धोरण पाळत होते. मिओसमोर कार्डं धरून इंग्रजीत म्हणायची, लाल दाखव, कप दाखव, माझ्याकडे बघ. मिओ खिडकीबाहेर बघायची. दहा मिनिटांनी मी थकायची. मग दाऊदभाई थर्मासमधला करक, म्हणजे आखाती कडक दुधाळ, चहा ओतायचे, आणि आम्ही दोघं मराठीत गप्पा मारायचो. बाजारात सुरमई बरी आली का, दापोलीच्या घराचा पत्रा या वर्षी तरी बदलणार का, माझ्या मुलाला मी मराठीत काही विचारलं की तो ‘आय नो, मॉम’ का म्हणतो.

हे चालू असताना मिओ खिडकीतून मान वळवायची. आधी थोडी, मग पूर्ण. मग ती पुढच्या सीटवर येऊन बसायला लागली, आमच्या दोघांच्या मध्ये. आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं की परत मागे जायची. म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही.

आज विचार करते तेव्हा कारण साधं वाटतं. इंग्रजीत तिच्याकडे सतत कुणीतरी काहीतरी मागत होतं. मराठीत तिच्याकडे कुणी काहीच मागत नव्हतं.

दाऊदभाई मला रोज दुसरा कप विचारायचे आणि मी रोज म्हणायची, “नको.” नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्यांनी सवयीने डबा उघडून मिओसमोर खजूर धरला. मी त्यांना थांबवणार होते, कारण तोंडाजवळ काही आणलं की ती चावायची. खांदा वर गेला. मग ती म्हणाली, “नको.”

अगदी स्पष्ट, आणि माझ्यासारखंच, शेवटी जरा आवाज खाली सोडून.

दाऊदभाईंनी लगेच खजूर मागे घेतला. त्यांनी टाळी वाजवली नाही, शाबास म्हटलं नाही, पुन्हा म्हण असंही म्हटलं नाही. कुणी नको म्हटलं की मागे घ्यायचं, तसं घेतलं. शिकलेल्या माणसाला हे जमलं नसतं. माझ्या हातात क्लिपबोर्ड होता, मी तर नक्कीच तिला पुन्हा विचारलं असतं. मिओचा खांदा खाली आला. ती बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने डब्याकडे बोट केलं. त्यांनी पुन्हा खजूर धरला. “नको.” मागे. त्यांनी टोपी धरली. “नको.” किल्ली धरली, वर्तमानपत्र धरलं, टायरमधली हवा मोजायचं यंत्र धरलं. नको, नको, नको. अकरा वर्षं त्या मुलीला जगाला थांबवायला दातांखेरीज काही मिळालं नव्हतं. आता एक शब्द मिळाला होता आणि तो चालत होता.

डिसेंबर संपेपर्यंत तिचं चावणं जवळजवळ थांबलं. मी अहवालात लिहिलं, ‘नकार देण्यासाठी आवाज काढते.’ हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. कुठल्या भाषेतला आवाज, ते मी लिहिलं नाही. मला नोकरीची काळजी होती आणि थोडी लाजही वाटत होती. परक्याच्या मुलीला आपण चुकून आपली भाषा देऊन बसलोय, हे कुठल्या रकान्यात लिहितात?

शब्द वाढत गेले. थांब. पाणी. सुरमई. बस. गरम आहे. आणि एक दिवस चहा संपल्यावर दाऊदभाई रोजच्यासारखं मला म्हणाले, “चला मॅडम, उतरू या,” तर मिओ उठली, “उतरू या” म्हणाली आणि आमच्या पुढे उतरून वर्गात गेली. तीन महिने आम्ही सगळे तिला सांगत होतो, तू उतर. उतरू या असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

जानेवारीत घोळ झाला. तानाबेंची बदली लवकर झाली, मार्चअखेर जपानला परत. तानाबेबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं होतं की तिकडे अशा मुलांना तीन वाटा असतात: पूर्ण वेगळी शाळा, नेहमीच्या शाळेतला छोटा वेगळा वर्ग, किंवा नेहमीच्या वर्गात बसून काही तास मदत. त्यांना दुसरी हवी होती. ती शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती, मिओची मामेभावंडं त्याच शाळेत होती. वेगळी शाळा चांगली होती, पण बसने तासाभरावर. ठरवणार तिथलं शिक्षण मंडळ, पालकांशी बोलून आणि आमचा अहवाल बघून. त्यासाठी बाहेरून एक इंग्लिश तज्ज्ञ बाई बोलावल्या. त्यांचं नाव हेलन. कामात चोख, स्वभावाने सरळ.

चाचणी माझ्यासमोर झाली. हेलनबाई चित्र दाखवून इंग्रजीत विचारत होत्या, हे काय आहे, ते काय आहे, दर पाच सेकंदांनी एक चित्र. मिओने सात-आठ चित्रं सहन केली. मग त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “गप रव गो बाय.”

हेलनबाईंनी लिहिलं, ‘अर्थहीन स्वरोच्चार.’

मी खुर्चीत बसून होते. बोलायला हवं होतं. बोलले नाही. चार दिवसांनी अहवाल आला. त्यात ‘कार्यक्षम वाचा नाही’ असं ठळक अक्षरांत होतं. तानाबेबाईंनी तो उभ्याने वाचला, घडी घातली आणि मला म्हणाल्या, “तुम्हाला सगळ्यांना फार त्रास दिला. माफ करा.” त्या गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि तशीच मिस रीमांच्या केबिनमध्ये गेले.

“मिओ बोलते,” मी म्हटलं.

“काय बोलते?”

“मराठी.”

त्यांनी चष्मा काढला. “ते काय आहे?”

मी सांगितलं. बस, चहा, सुरमई, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, मग मायेने म्हणाल्या, “हबीबती, मला तुला लेखी समज द्यावी लागेल. ती मी उद्या देते. आज आधी मीटिंग लावते.”

मीटिंगला अडचण एकच होती. मुलाच्या बोलण्याचा अर्थ त्याच्याच शिक्षिकेने सांगायचा नाही, असा चाचणीचा नियम. मराठी जाणणारा दुसरा माणूस हवा होता. केंद्रात मल्याळी होते, फिलिपिनो होते, सुदानी होते, एक केनियन होते. मराठी कळणारा माणूस बस लावून बाहेर चहा पीत होता.

दाऊदभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांच्यापुढे पाण्याची बाटली आणि नावाची पाटी ठेवली होती: भाषातज्ज्ञ. त्यांनी पाटी उचलून वाचली आणि मला हळूच विचारलं, “मॅडम, लायसन्स दाखवावं लागंल काय?”

हेलनबाईंनी पहिलं चित्र धरलं. मासा. मिओ म्हणाली, “सुरमई.”

हेलनबाईंनी दाऊदभाईंकडे पाहिलं. दाऊदभाईंनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “नो मॅडम,” ते म्हणाले. “धिस नॉट सुरमई. सुरमई लाँग. धिस पापलेट.”

“दाऊदभाई,” मी म्हटलं.

“आता पापलेटाला सुरमई कसा म्हनू मॅडम? तुमी सांगा.”

हेलनबाईंनी विचारलं, म्हणजे उत्तर चूक? मी सांगितलं की सुरमई हा मासाच असतो. त्या म्हणाल्या, तुम्हाला बोलायची परवानगी नाही. पाचेक मिनिटं मासा या विषयावर चर्चा झाली. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘उत्तर बरोबर जातीचे, प्रकाराबाबत तज्ज्ञांची हरकत.’

दुसरं चित्र खुर्चीचं. मिओ म्हणाली, “बस.” हेलनबाई फुली मारणार होत्या, बस म्हणजे बस. दाऊदभाईंनी हात वर केला. “नो नो. शी इज सेइंग, सिट.” हेलनबाई तोवर उभ्या होत्या. त्या बसल्या. मिओने मान हलवली आणि पुढच्या चित्राकडे बघितलं.

पाणी झालं. गरम झालं, उन्हाच्या चित्राला. एकूण चौदा चित्रांपैकी नऊ. मग मिओ कंटाळली आणि तेच म्हणाली, “गप रव गो बाय.”

“हे,” हेलनबाई पेन उचलून म्हणाल्या, “हे ती मागच्या वेळीही म्हणाली होती. याचा अर्थ?”

मी टेबलाकडे बघत होते. दाऊदभाईंनी घोटभर पाणी घेतलं. “मॅडम,” ते म्हणाले, “धिस इज व्हेरी रिस्पेक्ट. प्लीज रेस्ट युवर व्हॉइस, माय सिस्टर.”

हेलनबाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या हसल्या आणि त्यांनी कार्डं पाकिटात घातली. “मग मी गप्प बसते,” त्या म्हणाल्या. “तिने मला दोनदा सांगितलंय.”

त्यांच्या फॉर्मवर मुलाची भाषा निवडायची यादी होती. मल्याळम होती, उर्दू होती, तगालोग होती. मराठी नव्हती. त्यांनी ‘इतर’ निवडलं आणि पुढे मला स्पेलिंग विचारलं.

तानाबेबाई एवढा वेळ कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या. आता त्यांनी विचारलं, “तिचा पहिला शब्द. ती घरी सारखा म्हणते. नेको. त्याचा अर्थ काय?”

“नको,” दाऊदभाई म्हणाले. “मीन्स, डोन्ट वॉन्ट.”

तानाबेबाईंनी पेन खाली ठेवलं. “नेको म्हणजे आमच्या भाषेत मांजर.”



“डिसेंबरात आम्ही मांजर आणलं,” त्या म्हणाल्या. “मांजर जवळ नेलं की ती म्हणायची, नेको. आम्हाला वाटलं, किती आवडलंय. जेवताना नेको. झोपताना नेको. मग आम्ही दुसरं आणलं.”

मिस रीमांनी फाइल तोंडासमोर धरली. दाऊदभाईंनी मात्र गंभीरपणे चौकशी केली, “आता तिला मांजरं चालतात काय?”

“आता चालतात,” तानाबेबाई म्हणाल्या. “सवय झाली. पण तिने सुरुवातीपासून नीट सांगितलं होतं. आम्हीच ऐकलं नाही.” आणि मग त्या हसायला लागल्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिओ उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचं तोंड बघत उभी राहिली.

मिस रीमांनी शेवटी धोरणाची आठवण केली. आता उरलेल्या दोन महिन्यांत मराठी हळूहळू काढून तिथे जपानी शब्द बसवता येतील, असा आराखडा करू या, असं त्या म्हणाल्या. तानाबेबाईंनी डोळे पुसले, आमच्याकडे पाहिलं आणि एकदम स्पष्ट म्हणाल्या, “नको.”

या वेळी उच्चारही बरोबर होता.

मग उरलेले दोन महिने मी रोज संध्याकाळी त्यांना मराठी शिकवलं. बासष्ट शब्दांची यादी केली. त्यांनी त्यासमोर जपानी लिपीत उच्चार लिहिले, शेजारी चित्रं. मिओच्या वडिलांनी ऑफिसात पाठांतर केलं. एकदा ते मला केंद्राबाहेर भेटले आणि वाकून म्हणाले, “गरम आहे.” जानेवारी होता, चांगली हवा होती, पण मी हो म्हटलं. हेलनबाईंचा नवा अहवाल, शब्दांची यादी आणि बसमधलं एक चित्रण जपानला गेलं. मार्चच्या सुरुवातीला तिकडून कळलं की मिओला घराजवळच्या शाळेतला छोटा वर्ग मिळाला. तिथल्या शिक्षिकेने यादीची प्रत मागवली होती आणि विचारलं होतं की ‘गप रव गो बाय’ हे नेमकं कोणत्या नातेवाइकाला उद्देशून म्हणतात.

एक खंत आहे, ती सांगते. मी गप्प बसले ते चार दिवस. मी आधीच खरं लिहिलं असतं तर त्या बाईला तो अहवाल उभ्याने वाचावा लागला नसता. समजपत्र मला त्याबद्दल मिळायला हवं होतं. ते मिळालं दुसऱ्याच गोष्टीसाठी.

शेवटच्या दिवशी तानाबेबाई निरोप घ्यायला आल्या. मिओ दाऊदभाईंबरोबर बाहेर होती. बाईंनी करडी वही काढली आणि म्हणाल्या, “यादीत नसलेला एक शब्द आहे. विचारू का?”

“विचारा ना.”

“मी दार उघडून घरात आले की ती म्हणते. डिसेंबरपासून. रोज नाही, पण बऱ्याचदा. मी तारखा लिहून ठेवल्यात.” त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. पानभर तारखा, आणि प्रत्येक तारखेसमोर एकच जपानी अक्षर. “ती म्हणते, आइ. आमच्या भाषेत आइ म्हणजे प्रेम. मला माहीत आहे, तिला तो शब्द येत नाही. असा शब्द कार्डांवर नसतो. तरी मी लिहिला. पण आता मांजरं झाल्यावर मला वाटलं, विचारून घ्यावं.”

घरी जायची वेळ झाली की मुलं अस्वस्थ होतात. मिओला शांत करायला मी रोज दुपारी दारात उभी राहून म्हणायची, आई येईल हं, आत्ता येईल आई. तो शब्द माझ्या तोंडात इतका रुळलेला की यादी करताना माझ्या ध्यानातच आला नव्हता.

“तो मराठी शब्द आहे,” मी म्हटलं. “आई. आई म्हणजे तुम्ही.”

“मी?”

“मदर. आमच्याकडे मुलं हाक मारतात ती. आई.”

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्या रिसेप्शनमधल्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, वहीतली पट्टी काढली आणि पहिल्या तारखेपासून सुरुवात केली. आधीचं अक्षर खोडलं नाही. पट्टी धरून त्याच्यापुढे त्याच ओळीत दुसरा शब्द लिहायचा, मग खालची तारीख. विमानतळाची वेळ होत आली होती. दाऊदभाई मिओला घेऊन आत आले, बाईंना लिहिताना बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता शेजारच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसले.

दुसऱ्या पानावर पोहोचल्यावर तानाबेबाईंनी मान वर केली. “उच्चार नीट लिहायचाय,” त्या म्हणाल्या. “शेवटचा ई किती लांब?”

“हाक किती लांबून मारायचीय, त्यावर आहे,” मी म्हटलं.

तेही त्यांनी लिहून घेतलं.